खानदेशचा मोटारप्रवास

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या पुष्कळ शहरी कुटुंबांना खानदेश ठाऊक असतो, तो आगगाडीच्या खिडकींतून. चाळीसगांव, पाचोरा, जळगांव, भुसावळ हीं नांवें कानांवर पडतात, फलाटावर केळीं विकावयास येतात, दोहों बाजूंस काळें सपाट रान पसरलेलें दिसतें आणि प्रवासी मनाशीं म्हणतो कीं, येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यांना अजिंठ्यास जावयाचें असतें ते जळगांवास उतरतात, लेणीं पाहतात आणि रात्रीच्या गाडीनें परत फिरतात. आगगाडी मैदानांतून जाते म्हणून हा ग्रह होतो. खानदेशांत जें पाहण्यासारखें आहे तें मैदानांत थोडें व मैदानाच्या कडांना पुष्कळ आहे. मोटार घेऊन निघणाऱ्यानें एवढी गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे त्याच्या प्रवासाची निम्मी आखणी झाली.

प्रथम नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आणि मधल्या सखल प्रदेशांतून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा प्रांत आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीस मिळतात. इंग्रजी अमलांत १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; तेच पुढें जळगांव आणि धुळें जिल्हे म्हणून ओळखले जाऊं लागले. १९९८ साली धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. सुरतेहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता धुळें, पारोळें, एरंडोल, जळगांव, भुसावळ असा या मैदानाच्या मधोमध जातो, आणि मुंबई-आग्रा रस्ता त्याला धुळ्याजवळ छेदतो. म्हणजे चांगला रस्ता मध्यें आणि रम्य स्थळें दोन्ही कडांना, अशी येथील मांडणी आहे. हमरस्त्यावरील जळगांव व धुळें हीं दोन मुक्कामाचीं ठिकाणें धरावीं, तेथून एका दिवशीं एकच कड गांठावी व सायंकाळीं मुक्कामीं परतावें, ही रीति या प्रदेशाला मानवते.

या रीतीचा भंग केला म्हणजे काय होतें हें साध्या बेरजेनें कळतें. सकाळीं अजिंठा, दुपारीं सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी आणि रात्रीं मुक्कामास धुळें, असा बेत कागदावर मोठा सोपा दिसतो. जळगांवाहून अजिंठ्याचीं लेणीं सुमारें ६० किलोमीटर; जाऊन येऊन १२०. मनुदेवीस जाऊन येण्यास आणखी सत्तर-ऐंशी. जळगांव ते धुळें सुमारें ९५. बेरीज तीनशेंच्या घरांत जाते, आणि तीहि अशा रस्त्यांवर कीं जेथें मालमोटारी, उंसाच्या गाड्या आणि कापसानें फुगलेले ट्रॅक्टर एकामागून एक चाललेले असतात. सहा-सात तास केवळ बसण्यांत जातात. लेण्यांना मनापासून पाहावयाचें तर चार तास हवेत. अशा दिवसाच्या अखेरीस मुलें रडकुंडीस आलेलीं असतात, वडील माणसें गप्प झालेलीं असतात, आणि अंधारांत दिवे नसलेला ट्रॅक्टर समोर कधीं येईल याचा नेम नसतो. हौसेनें निघालेल्या कुटुंबावर असा दिवस ओढवूं नये, एवढ्यासाठींच आखणीचा खटाटोप.

ठिकाणांच्या आधीं महिना ठरवावा. शहरांतील शाळांना मोठी सुटी असते ती मे महिन्यांत, आणि खानदेशांत जाऊं नये तेंहि मे महिन्यांतच. जळगांव-भुसावळकडे त्या वेळीं पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. नदीनाले कोरडे, डोंगर करपलेले, आणि दुपारीं अकरा ते पांच बाहेर पाऊल टाकणें म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. होळीपासून मृगापर्यंतचे दिवस लहान मुलें व वृद्ध बरोबर असतां वर्ज्य समजावे. पावसाळ्यांत याच्या उलट अवस्था. सातपुडा हिरवागार होतो, धबधबे कोसळूं लागतात. परंतु हमरस्ता सोडून आंत शिरणाऱ्याला काळ्या मातीशीं गांठ पडते. ही माती भिजली म्हणजे चाकांना लोण्यासारखी चिकटते आणि मोटार जागच्या जागीं फिरूं लागते. मोबाइलवरील नकाशा जवळची वाट म्हणून शेतांतील रस्ता खुशाल दाखवितो. त्याला किलोमीटर मोजतां येतात, चिखल दिसत नाहीं. तेव्हां पावसाळ्यांत फाट्यावरच्या चहावाल्यास विचारल्याखेरीज डांबरी रस्ता सोडूं नये. पाऊस उघडल्यावर दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. कापूस फुटलेला असतो, केळीच्या बागा हिरव्या असतात, रात्रीं चांगलीच थंडी पडते आणि वांगीं भरतास आलेलीं असतात. हें शेवटचें कारणहि दुर्लक्षिण्यासारखें नाहीं.

आतां वाहन. नाशिकहून धुळें सुमारें दीडशें किलोमीटर आहे. त्या बाजूचीं माणसें स्वतःची मोटार घेऊन सुखानें येऊं शकतात. मुंबईकरांनीं मात्र रात्रीच्या आगगाडीनें सकाळीं जळगांवास उतरावें आणि तेथें चार-पांच दिवसांकरितां भाड्याची मोटार चालकासह ठरवावी. यांत दोन लाभ आहेत. पहिल्याच दिवशीं घरच्या चालविणाऱ्याची दमछाक होत नाहीं, आणि स्थानिक चालकाला कोणता पूल पावसांत पाण्याखालीं जातो, कोणत्या गांवांत कोणत्या वारीं बाजार भरतो, हें ठाऊक असतें. भाडें ठरवितांना दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत, त्यापुढें काय दर, चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचें काय, आणि मोटार दुसऱ्या गांवीं सोडली तर परतीचें भाडें पडतें कीं काय, हें सारें आधींच लिहून घ्यावें. शेवटची बाब बहुतेकजण विसरतात, आणि निरोपाच्या वेळीं तिच्यावरूनच कुरबूर होते. चालकाच्या जेवणाची व झोपेची सोय पाहणें हें सौजन्याचें आहेच. सर्वांचा जीव त्याच्या हातीं असल्यामुळें शहाणपणाचेंहि आहे. एसटीच्या गाड्या जळगांव, एरंडोल, धुळें, चाळीसगांव अशा मोठ्या गांवांना उत्तम. पण पद्मालय किंवा पाटणादेवीसारख्या आडबाजूच्या स्थळीं परतीच्या गाडीवर भिस्त ठेवून जाऊं नये.

पहिला दिवस जळगांवांत हलका ठेवावा. शहराजवळ जैन हिल्स येथें २०१२ साली उघडलेलें गांधीतीर्थ हें संग्रहालय आहे. त्याला अर्धा दिवस द्यावा. सायंकाळीं मेहरूणच्या तलावाकाठीं फिरून यावें. शहरालगतच्या आसोदें गांवाशीं बहिणाबाई चौधरींचें नांव जोडलेलें आहे. तें त्यांचें माहेर. घरोट्या, नांगर, विहीर, मोट यांतून त्यांची कविता उगवली. तीं रानें अजून तेथें आहेत, मोटा मात्र गेल्या.

दुसरा दिवस दक्षिण कडेचा, म्हणजे अजिंठ्याचा. सोमवारीं लेणीं बंद असतात; तो वार टाळूनच सगळ्या प्रवासाची तारीख धरावी. छत्रपती संभाजीनगरकडून येणाराला शंभर किलोमीटर येऊन शिवाय अजिंठ्याचा घाट उतरावा लागतो. जळगांवाहून नेरी, पहूर, फर्दापूर या मार्गानें येणारा मात्र घाट न चढतां थेट पायथ्याशीं पोंचतो. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी मोटारी थांबवितात. पुढचें चार किलोमीटरांचें अंतर तेथल्या बसगाडीनें काटावें लागतें. पाणी, टोपी, चष्मा जें काय लागणार तें मोटारींतून आधींच काढून घ्यावें, कारण मग मोटार हाताशीं नसते. सकाळीं नऊच्या सुमारास दार उघडतें त्या वेळीं हजर असणें उत्तम. वाघूर नदीनें डोंगर कोरून घोड्याच्या नालासारखें वळण केलें आहे, त्याच्या कड्यांत हीं सुमारें तीस लेणीं आहेत. क्रमांक ९ व १० हीं इसवी सनापूर्वींचीं, तर चित्रांसाठीं नांवाजलेलीं १, २, १६ व १७ हीं पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या काळचीं. सगळीं पाहण्याचा हव्यास धरणारा शेवटीं एकहि पाहत नाहीं. हीं सहा नीट पाहावीं, प्रत्येकांत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटें स्वस्थ उभें राहावें; मग रंग हळूहळू वर येतात. ज्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहींत त्यांच्याकरितां डोलीवाले असतात. दुपारीं एक-दोनला खालीं यावें आणि सरळ जळगांव गांठावें.

तिसऱ्या दिवशीं उत्तरेची कड. जळगांवाहून तापी ओलांडली म्हणजे प्रदेशाचें रूपच पालटतें. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला समांतर जातो. रावेर, फैजपूर, यावल, चोपडें हीं गांवें त्यावर आहेत, आणि दोहों बाजूंस केळीच्या बागा आहेत. जळगांवच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालें तें याच बागांच्या जोरावर. येथें मोटार सावकाश चालवावी. घाईनें पाहावें असें येथें कांहीं नाहीं, आणि केळीनें भरलेल्या मालमोटारींना वाट द्यावीच लागते. फैजपूर येथें १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन भरलें होतें, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. तोंवर हा मान शहरांचाच होता. त्याच्या तयारीसाठीं साने गुरुजी गांवोगांव हिंडले होते.

या कडेला मनुदेवी आहे आणि अडावदजवळचें उनपदेव आहे. मनुदेवीचें देऊळ डोंगराच्या कुशींत असून तेथील धबधबा पावसाळ्यांत व त्यानंतर थोडे दिवसच चांगला असतो. डिसेंबरांत केवळ धबधब्यासाठीं जाणारा निराश होईल. उनपदेवास गरम पाण्याचा झरा गोमुखांतून पडतो व हिवाळ्यांतील सकाळीं त्याची खरी गोडी कळते. ज्या कुटुंबाला डोंगरापेक्षां नदी प्रिय असेल त्यानें हा दिवस पूर्वेकडे खर्चावा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें जुनें दगडी देऊळ आहे. जवळच मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वींचें एदलाबाद, व मुक्ताबाईचें कोथळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. मात्र हें आणि उनपदेव एका दिवसांत साधण्याचा यत्न करूं नये.

चौथ्या दिवशीं सामान बांधून धुळ्याकडे निघावें. हें अंतर दोन तासांचें, पण वाटेंत दोन ठिकाणीं थांबण्यासाठीं सगळी सकाळ मोकळी ठेवावी. एरंडोलपासून सुमारें दहा किलोमीटरांवर रानांत पद्मालय आहे. कमळांनीं भरलेलें तळें, त्याच्या कांठीं गणपतीचें देऊळ, आणि गाभाऱ्यांत एकीची सोंड डावीकडे व दुसरीची उजवीकडे अशा दोन मूर्ति. एकाच गाभाऱ्यांत दोन गणपति सहसा आढळत नाहींत. पुढें पारोळ्यास वस्तीच्या मध्यभागीं भुईकोट किल्ला आहे. त्याची पडझड झाली आहे, तरी खंदक व तट पाहून अठराव्या शतकांतील जहागिरदारीची कल्पना येते. अर्धा तास पुरतो.

धुळें हें शहर पुष्कळांना केवळ चौरस्ता वाटतें. वास्तविक येथें एक दिवस राहिल्याखेरीज खानदेशची ओळख पुरी होत नाहीं. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानें येथें सरळ रस्त्यांची पेठ वसविली. त्या पेठेंतील गल्ल्या अजून क्रमांकांनीं ओळखल्या जातात, आणि नवख्या माणसालाहि पत्ता सांपडण्यास अडचण पडत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच वारले. पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ स्थापन झालें व त्यांनीं गांवोगांव पायपीट करून मिळविलेल्या कागदांचा ठेवा तेथें जतन झाला. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरांत रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें आहेत. समर्थांच्या हातचें म्हणून मानलेलें वाल्मीकि रामायण त्यांतच आहे. दोन्ही संस्था अभ्यासकांच्या आहेत, तेव्हां तेथें जाण्याच्या वेळा आदल्या दिवशीं विचारून घ्याव्या. १९३२ साली विनोबांनीं गीतेवरील प्रवचनें दिलीं तीं धुळ्याच्या तुरुंगांत, आणि तीं उतरून घेतलीं साने गुरुजींनीं. पुस्तकांतून घरोघर गेलेलीं हीं प्रवचनें मुळांत कैद्यांसमोर झालेलीं भाषणें होत. शहराच्या पश्चिमेस, साक्रीच्या बाजूनें, पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. नदीचें पाणी पाटानें सबंध शिवारास द्यावें, शिवाराचे भाग पाडावे, एका भागांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें, आणि पाण्याची पाळी गांवानेंच ठरवावी, अशी ही व्यवस्था. हल्लींच्या पाणीतंट्यांच्या दिवसांत ती मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे.

धुळ्याहून मुंबईच्या रस्त्यानें सुमारें दहा किलोमीटरांवर लळिंगचा किल्ला आहे. हमरस्त्यावरून धांवणारीं हजारों वाहनें त्याच्या पायथ्याला घासून जातात, थांबणारीं थोडीं. मलिक राजा फारूकी याचा वडील मुलगा नासिरखान येथें होता. येथूनच पुढें सरून त्यानें अशीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविलें. म्हणजे ज्या घराण्यानें दोनशें वर्षें खानदेशावर राज्य केलें, त्याच्या पहिल्या पावलांपैकीं एक या टेकडीवर उमटलें आहे. १९३७ च्या जुलैअखेर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास आले असतां येथील लांडोर बंगल्यावर उतरले होते. दरवर्षीं ३१ जुलैला तेथें मोठा जनसमुदाय जमतो. चढ उन्हाचा आहे. सकाळीं सातलाच निघावें, दहाच्या आंत उतरावें.

कोणी म्हणेल, तोरणमाळ कां गाळलें? तें नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या माथ्यावर आहे. शहाद्याहून पुढें वळणावळणाचा घाट आहे, आणि वर गेल्यावर यशवंत तलावाकाठीं एक तरी रात्र काढावीशी वाटते. त्यासाठीं निराळे तीन दिवस काढावे. पांच दिवसांच्या फेरींत तें कोंबलें कीं तेंहि हातचें जातें आणि बाकीचेंहि.

या तोरणमाळासाठीं वाचविलेला दिवस पाटणादेवीस द्यावा. धुळ्याहून चाळीसगांव सुमारें ५५ किलोमीटर, आणि तेथून आणखी अठरा-वीस किलोमीटरांवर गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशीं पाटणें हें गांव. तीन बाजूंस डोंगर, मध्यें चंडिकादेवीचें यादवकालीन देऊळ, भोंवतीं ओढा आणि झाडी. एवढ्या देखाव्यासाठींहि तेथें जावें. परंतु या स्थळाचें खरें मोल त्याच्या एका शिलालेखांत आहे. गणिती भास्कराचार्य, ज्यांची ‘लीलावती’ आठशें वर्षें भारतांत शिकविली गेली, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यानें तेराव्या शतकाच्या आरंभीं येथें मठ स्थापिला, आणि स्थानिक निकुंभ राजांनीं त्याला नेमणूक लावून दिली. हें सर्व त्या लेखांत कोरलेलें आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणला. संगमावरचा योगी चांगदेव निराळा आणि हा ज्योतिषी चांगदेव निराळा. एकाच प्रवासांत दोन्ही नांवें ऐकून मुलांचा घोटाळा होतो, तो वडिलांनीं वेळींच दूर करावा. शाळेंत वर्गसमीकरणांनीं गांजलेल्या मुलाला, हीं गणितें जेथें मुद्दाम मठ बांधून शिकविलीं जात तें रान दाखवावें. गणिताची गोडी लागेलच असें नव्हे, पण गणित करणारीं माणसें कोठें तरी राहत होतीं एवढें त्याला कळेल.

पाटणादेवी घाटाच्या पायथ्याशीं असल्यामुळें तेथें जाण्यास घाट चढावा लागत नाहीं. पितळखोऱ्याचीं प्राचीन लेणीं वरच्या अंगास आहेत, पण मोटारीनें तेथें जावयाचें तर कन्नडचा, म्हणजे औट्रम घाट चढून लांबचा वळसा घ्यावा लागतो. १८२५ च्या सुमारास भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रम साहेबाचें नांव या घाटाला पडलें आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीनें येथें दरडी कोसळल्या, वाहनें अडकलीं, आणि त्याच पावसानें चाळीसगांवांत पूर आला. यास्तव पावसाळ्यांत या घाटाची खबर पोलिसांकडून किंवा एसटीच्या स्थानकावरून घेतल्यावांचून वर जाऊं नये. मुलें बरोबर असतां पितळखोरें पुढच्या खेपेस ठेवलेलें बरें.

जेवणाविषयीं थोडें. हमरस्त्यावरच्या मोठ्या उपाहारगृहांत जें मिळतें तें नाशकासहि मिळतें. शेवभाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी आणि हिवाळ्यांत भरीत-पुरी हे पदार्थ लहान गांवांतल्या खाणावळींत मागावे. काडक्यांवर भाजलेल्या वांग्याचें, हिरव्या मिरचीचें व कांद्याच्या पातीचें भरीत येथें पंक्तीला होतें आणि लोक त्यासाठीं शेतांत जमतात. खापरावरचे मांडे कोणाच्या घरीं मिळाले तर भाग्य समजावें. तिखटाची संवय नसलेल्यांनीं आधीं सांगून ठेवावें. मागाहून सांगितल्यास दही मिळतें, पण उपाय अपुरा पडतो. वाट विचारतांना वडीलधाऱ्यास आबा किंवा अप्पा, बरोबरीच्यास भाऊ म्हटलें कीं उत्तर सविस्तर मिळतें. तें अहिराणींत आलें तर भांबावूं नये. हात कोणत्या दिशेस दाखविला तें पाहावें.

परतीची गाडी चाळीसगांवाहून धरावी, म्हणजे जळगांवापर्यंतची उलट फेरी वाचते. मोटार चाळीसगांवास सोडण्याचें भाडें याकरितांच पहिल्या दिवशीं बोलून ठेवावयाचें. गाडीला दोन-तीन तास असले तर स्थानकाजवळच केकी मूस यांचें घर आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. या पारशी छायाचित्रकारानें आयुष्यांतील सुमारें पन्नास वर्षें घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकतां काढलीं, आणि टेबलावर कापूस, रांगोळी, काड्या असल्या वस्तु मांडून त्यांतून डोंगर, बर्फ व अरण्यें यांचीं छायाचित्रें काढलीं. घर आतां संग्रहालय आहे. उघडें असल्याची खात्री सकाळींच दूरध्वनीनें करून घ्यावी, आणि सामान स्थानकावर ठेवून पायींच जावें.